बूढापाऱ्यातली टर्नरबाई

रायपूरच्या बूढापाऱ्यात तलावाच्या बाजूनं एक गल्ली आत शिरते. समोरासमोर दोन स्कूटर आल्या तर एकीला कुणाच्या तरी ओट्याला खेटून उभं राहावं लागतं, इतकी ती अरुंद आहे. या गल्लीत लहानू सुखदेवेंचं वर्कशॉप आहे आणि तिथं जुन्या अमेरिकन मोटारींची कामं होतात. त्यातली एकही मोटार आजवर वर्कशॉपच्या दारापर्यंत पोचलेली नाही. मोटार मालकाच्या घरी नाहीतर कुणाच्या गोदामात उभी असते. बिघडलेला भाग तेवढा पोत्यात गुंडाळून गल्लीत येतो, दुरुस्त होतो आणि परत जातो.

लहानू रेल्वेच्या वॅगन दुरुस्तीच्या कारखान्यात फिटर होते. घराणं मूळचं भंडाऱ्याकडचं. वडील रेल्वेत खलाशी, म्हणजे मदतनीस कामगार, म्हणून रायपूरला आले आणि इथलेच झाले. अमेरिकन गाड्यांचा नाद लहानूंना लागला तो एका लाकडाच्या ठेकेदारामुळे. त्याची शेवरोले फाटकाजवळ बंद पडली होती आणि लहानू ड्यूटी संपवून सायकलनं घरी निघाले होते. त्यांनी बॉनेट उघडून पाहिलं, तर पेट्रोलच्या पंपातला पडदा फाटलेला. त्यांनी स्वतःच्या सायकलची ट्यूब कापून तिचा पडदा बसवला. पेट्रोलनं ते रबर खाऊन टाकायच्या आत गाडी ठेकेदाराच्या घरी पोचली. लहानू मात्र सायकल हातात धरून चालत घरी आले. बायकोनं, शांतानं, कारण विचारलं तर म्हणाले, "शांते, काय इंजन हाये बापा! आतून पाहिलं मी."

तेव्हापासून लोक त्यांना बोलवायला लागले. जुने मालगुजार म्हणजे गावोगावचे जमीनदार, राईस मिलवाले, एखादा डॉक्टर. कुणाकडे ब्यूक, कुणाकडे डॉज, कुणाकडे नुसताच सांगाडा. या गाड्यांचे भाग रायपूरला मिळत नसत, म्हणून लहानू ते शोधायला कलकत्त्याला, नागपूरला, मुंबईला जात. रेल्वेचा फॅमिली पास होता, त्यामुळे घरची सगळी सहल म्हणजे भाग शोधणं. दसऱ्याला दीक्षाभूमीवर गेले की दुसऱ्या दिवशी नागपूरचा कबाडी बाजार. कलकत्त्याला गेले की मल्लिक बाजार. मुलगा यशदीप लहानपणी कलकत्त्याला कितीदा तरी जाऊन आला, पण तिथली एकही प्रेक्षणीय जागा त्यानं पाहिली नव्हती. परतीच्या गाडीत शांताबाईंच्या पायाशी गिअरचा डबा असायचा आणि शेजारचे प्रवासी विचारायचे, "बाई, यात काय घेतलं?" शांताबाई म्हणायच्या, "माही सवत."

यशदीपसाठी मुलगी पाहायला मंडळी गोंदियाला गेली, तेव्हा चेतनानं आयटीआयमधून टर्नरचा कोर्स केल्याचं लहानूंना कळलं. खराद, म्हणजे लेथ मशीन, चालवणारी मुलगी त्यांनी तोपर्यंत पाहिली नव्हती. चहा यायच्या आधीच त्यांनी विचारलं, "आटे कापता येते का?"

शांताबाईंनी त्यांना कोपर मारलं.

चेतना म्हणाली, "येते. उलटे कापून नाही पाहिले कधी."

लहानू मोठ्यानं हसले. प्लिमथसारख्या गाड्यांच्या डाव्या चाकांचे बोल्ट उलट्या आट्यांचे असतात. ते ठाऊक नसलेले पंक्चरवाले त्यांच्यावर पान्हा लावून लोंबकळतात आणि बोल्ट तोडतात. तसे तुटलेले बोल्ट घेऊन लोक लहानूंकडे येत. ही गोष्ट चेतनाला तेव्हा माहीत नव्हती. ती सहज बोलून गेली होती. पण लहानूंनी परतताना गाडीत जाहीर केलं की पोट्टी पसंत आहे. यशदीपला कुणी विचारलं नाही. अर्थात त्यालाही ती आवडली होतीच.

लग्नानंतर चेतनानं रायपूरजवळच्या उरला औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात काही वर्षं नोकरी केली. मुलगी दीक्षा झाली, तशी ती नोकरी सुटली. तोवर लहानू निवृत्त झाले होते आणि त्यांनी गल्लीतली खोली भाड्यानं घेऊन एक जुनी खराद बसवली होती. दीक्षा शाळेत जायला लागल्यावर चेतना डबा घेऊन सासऱ्यांकडे यायची आणि थांबायची. पुढं डबा शांताबाई पाठवायला लागल्या आणि चेतना सकाळीच यायला लागली. लहानू भाग तपासत, काय मिळेल आणि काय नाही ते सांगत. जे मिळणार नाही ते चेतना बनवी. दाराच्या काचा वरखाली करायच्या दांड्या, बुश, पिना, पाण्याच्या पंपाचे स्पिंडल. सासरा-सून दिवसभर फारसं बोलत नसत. गल्लीतल्या बायकांना त्याचं नवल वाटे, पण खरादीच्या आवाजात बोलायचं काय?

अशाच एका सकाळी लहानूंच्या हातातून पान्हा पडला. चेतना मशीनवर होती. तिनं वळून पाहिलं तर ते पान्ह्याकडे बघत उभे होते आणि त्यांचं तोंड एका बाजूला ओढलं गेलं होतं. तिनं मशीन बंद करेपर्यंत ते खाली बसले होते.

झटका मोठा होता. उजवा हात गेला, उजवा पाय ओढत चालायची वेळ आली आणि भाषा गेली. डॉक्टरांनी यशदीपला सांगितलं की त्यांना समजतं बरंचसं, पण शब्द बाहेर येत नाहीत. कधी कधी एखादाच शब्द राहतो, तसं होईल. लहानूंचा राहिला तो "हव". छत्तीसगढीतला होकार. जन्म रायपुरात गेल्यामुळे तो त्यांच्या तोंडात मराठीइतकाच मुरला होता. चहा पाहिजे का? हव. अंथरूण घालू का? हव. घरच्यांना निदान एवढं तरी बोलतात याचं समाधान होतं.

चेतना त्यांना रोज ऑटोनं वर्कशॉपमध्ये आणायची. दाराशी त्यांची खुर्ची टाकलेली असे. ते बसून बघत राहत.

त्या सुमारास पुष्कर घाटे यांच्या प्लिमथचं काम चालू होतं. पुष्कर शंकर नगरात राहणारे वकील. गाडी त्यांच्या आजोबांची, सत्तेचाळीस सालची. आई, इंदूताई, लग्न होऊन आल्या त्या स्टेशनवरून घरापर्यंत याच गाडीतून. नंतर ती शेडमध्ये पडून होती. पुष्करनी ती पुन्हा चालती करायचं मनावर घेतलं होतं. इंजिन लहानूंनीच आजारपणाआधी बसवून दिलं होतं. आता अडलं होतं ते मागच्या डाव्या चाकाच्या हाफ शाफ्टपाशी. मागच्या दोन चाकांच्या मधोमध जो गिअरचा गोळा असतो तिथून निघून चाकाला फिरवणारा हा पोलादी दांडा. त्याच्या निमुळत्या टोकावर चाकाचा ड्रम घट्ट बसतो. प्लिमथच्या दांड्याचं ते टोकच खाऊन गेलं होतं.

लहानू धडधाकट असते तर पास काढून कलकत्त्याला गेले असते. पण ते खुर्चीत होते आणि इंदूताईंचा पंचाहत्तरावा वाढदिवस जवळ आला होता.

"चेतना, तू नहीं बना सकती क्या?" पुष्करनी विचारलं. त्यांना मराठी सगळं समजतं, बोलताना हिंदी येते.

चेतनानं दांडा हातात घेऊन फिरवून पाहिला. "बनवून पाहतो," ती म्हणाली.

तिनं कामात कसूर ठेवली नाही. चांगलं पोलाद आणलं. आतल्या टोकाचे दाते उरल्याला कापून घेतले, दांडा तिथंच भट्टीत तापवून कडक करून घेतला. बाकी सगळं तिनं आपल्या हातानं केलं. निमुळत्या टोकावर निळा रंग लावून ड्रम फिरवला तेव्हा रंग सगळीकडे सारखा लागला, म्हणजे बैठक बरोबर होती. तिनं तो दांडा पुसून लहानूंच्या मांडीवर ठेवला.

लहानूंनी डावा हात दांड्यावरून फिरवला. जिथं बेअरिंगची जाडी संपून पायरी पडते, त्या कोपऱ्यात त्यांचा अंगठा थांबला. त्यांनी तो तिथं पुन्हा फिरवला.

"हव," ते म्हणाले.

"बरोबर झालं ना मामाजी?"

"हव. हव!" त्यांचा आवाज चढला. डोळ्यांत पाणी आलं.

शांताबाई डबा घेऊन आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पाय, किती खुश झाले." चेतनालाही तसंच वाटलं. तिनं त्यांच्या मांडीवरून दांडा उचलला, तेव्हा त्यांनी तो लवकर सोडला नाही, हे तिला नंतर आठवलं.

गाडी वाढदिवसाला निघाली. इंदूताई मागच्या सीटवर बसून आख्ख्या शंकर नगरात फिरल्या. पुष्करनी चेतनाच्या घरी मिठाई पाठवली. पुढं काही आठवडे गाडी नीट चालली, आणि एका संध्याकाळी पुष्कर आणि इंदूताई ब्राह्मणपाऱ्यातल्या नातेवाइकांकडून परतत असताना चौकात वळण घेतल्यावर दांडा तुटला. डावं चाक ड्रमसकट बाहेर आलं आणि एकटंच पुढं पळत जाऊन बिही विकणाऱ्याच्या टोपलीवर आदळलं. पेरू रस्ताभर झाले. गाडी डाव्या अंगावर बसली आणि घासत दुभाजकाला जाऊन टेकली. वेग कमी होता म्हणून निभावलं. इंदूताईंचं मनगट मोडलं.

चेतना स्कूटरवर पोचली तोवर इंदूताईंना दवाखान्यात नेलं होतं. पुष्कर गाडीपाशी उभे होते.

"भैया..." ती म्हणाली.

"अभी कुछ मत बोलो, चेतना," ते म्हणाले आणि दुसरीकडे बघायला लागले.

घरी यशदीप नाइलाजानं बोलला. तो रेल्वेत लोको पायलट आहे. मशीन मोडलं की माणसं मरतात, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही. "मैंने कहा था ना, बाबा के बिना ये काम मत करो. खिड़की का हैंडल अलग बात है, ये अलग बात है." चेतनानं दुसऱ्या दिवसापासून वर्कशॉप बंद ठेवलं. लहानू सकाळी कपडे करून दाराशी बसून राहत आणि ऑटो आली नाही की काठी आपटत.

पुष्करना तिनं एकच निरोप पाठवला, की तुटलेले तुकडे द्या. त्यांनी ते ड्रायव्हरच्या हाती पाठवले. मग तिनं वर्कशॉप उघडलं, लहानूंना आणलं, आणि दोन्ही तुकडे बाकावर ठेवले.

दांडा त्या कोपऱ्यातच तुटला होता. तुटलेल्या तोंडाचा मधला भाग चमकदार, रवाळ होता. तो शेवटच्या क्षणी गेला असणार. पण कडेनं आत आत येणाऱ्या बारीक रेघा दिसत होत्या, नदीचं पाणी ओसरताना वाळूवर रेषा राहतात तशा. म्हणजे भेग हळूहळू चालत आली होती. तिची सुरुवात पायरीच्या कोपऱ्यात होती. तो कोपरा चेतनानं काटकोनात, धारदार सोडला होता. तिथं गोलाई ठेवायला हवी होती. आयटीआयमध्ये ही गोष्ट शिकवली होती, तिनं परीक्षेत लिहिलीही होती. मूळच्या दांड्याची ती गोलाई झिजून, गंजून दिसेनाशी झाली होती आणि तिनं माप घेतलं ते त्याच दांड्यावरून.

ती बाकाशी बसून राहिली. लहानूंनी डाव्या हातानं एक तुकडा ओढून घेतला. त्यांचा अंगठा त्याच जागी जाऊन थांबला.

"हव," ते हळू म्हणाले.

चेतनानं मान वर केली. "मामाजी, तुम्हाले तवाच समजलं होतं काय?"

"हव."

मग तिच्या मनात आलं ते तिनं विचारून पाहिलं. "म्हणजे तुम्हाले काहीच समजलं नव्हतं?"

"हव," लहानू म्हणाले. आणि त्यांनी रागानं मान हलवली.

ती उठली. कपाटातून तिनं दोन बुश काढले, एक चांगला आणि एक मध्येच चीर गेलेला. दोन्ही त्यांच्यासमोर बाकावर ठेवले. "हो नाही विचारत मी. जो फेकाचा हाय तो ढकला."

लहानूंनी दोन्हींकडे पाहिलं. मग डाव्या हाताच्या बोटानं चिरलेला बुश बाकाच्या कडेपर्यंत नेला आणि खाली पाडला. तो टणकन वाजला. चेतनानं आणखी एक जोडी ठेवली, मग दोन बोल्ट, त्यातल्या एकाचे आटे गेलेले, मग तीन बेअरिंग. दर वेळी वाईट वस्तू खाली गेली. फरशीवर ढीग झाला. लहानूंच्या कपाळावर घाम आला होता, पण थांबायला ते तयार नव्हते.

शांताबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. त्या म्हणाल्या, "म्हणजे मी यायले रोज विचारत होती, वरणात मीठ बरोबर हाय का, ते..."

"हव," लहानू म्हणाले.

शांताबाई हसता हसता ओट्यावर बसल्या आणि पदर डोळ्याला लावून रडल्या. त्या दिवसापासून घरी लहानूंसमोर वरणाच्या दोन वाट्या यायला लागल्या, नको ती ढकलायला.

चेतना इंदूताईंना भेटायला गेली. त्या व्हरांड्यात बसल्या होत्या, हात प्लास्टरमध्ये. पुष्कर आतून आले आणि दाराशी थांबले.

"काहून तुटलं ते?" इंदूताईंनी विचारलं.

तिथं टेबलावर बिस्किटांचा पुडा होता. चेतनानं त्याचा कागद दोन्ही हातांनी ताणून दाखवला, तो फाटला नाही. मग कडेला नखानं बारीक चीर दिली आणि ताणला. तो सरळ फाटत गेला. "अशी चीर मी ठेवली होती. कोपरा गोल नाही केला."

"म्हणजे चूक तुही."

"माहीच."

इंदूताईंनी पुड्यातलं बिस्कीट घेतलं. "मग आता दुसरा बनवशील?"

"नाही. हा भाग बनवाचा नसते, शोधाचा असते. शोधून आणतो."

"रहने दो," पुष्कर दारातून म्हणाले. "मैं गाड़ी निकाल रहा हूँ. कोई ले जाएगा."

"गाडी माह्या सासऱ्याची हाय," इंदूताई त्यांच्याकडे न पाहता म्हणाल्या. "काढाची का ठेवाची ते मी सांगीन. आण बाई तू. पण एक सांगतो, मी आता तिच्यात बसणार नाही."

थंडीत चेतना, लहानू आणि शांताबाई कलकत्त्याला गेले. यशदीपचा विरोध होता, पण तिकिटाचं त्यानंच पाहिलं आणि बापाला खालचा बर्थ मिळेल असं केलं. मल्लिक बाजारात दुकानांसमोर अ‍ॅक्सल, गिअर, दिवे, बंपर असे ढीग लागलेले होते आणि त्यांच्यामधून चालायला वाट नव्हती. लहानू काठी टेकत, थांबत, एकेका ढिगाकडे बघत चालले होते. एका म्हाताऱ्या दुकानदारानं त्यांना ओळखलं. काय झालं ते ऐकून त्यानं त्यांना खुर्ची दिली, आणि ते बहिरे झाले असावेत अशा आवाजात त्यांच्याशी बोलायला लागला.

"सुखदेवे साहब! प्लिमथ का चाहिए ना? है मेरे पास!"

त्यानं आतून एक दांडा आणला. काळ्या रंगानं चकचकीत रंगवलेला. तो मांडीवर ठेवल्याबरोबर लहानूंनी ढकलून दिला आणि दुकानदाराला पाय मागं घ्यावा लागला. चेतनानं खाली वाकून नाण्यानं रंग खरवडला. मध्यावर वेल्डिंगचा जोड होता.

"मुझे क्या मालूम, मैं तो ऐसे ही लिया था," दुकानदार ओशाळून म्हणाला आणि त्यानं सगळ्यांना चहा मागवला.

त्या दिवशी काही मिळालं नाही. दुसऱ्या दिवशीही दुपारपर्यंत नाही. शांताबाईंचे पाय दुखायला लागले आणि त्या म्हणाल्या की आता ते संगमरवराचं मोठं काय आहे ते तरी पाहू, इतक्यांदा आलो आणि दिसलं नाही. तिघं निघालेही. पण बाजाराच्या टोकाला एका शेडपाशी लहानू उभे राहिले ते हलेचनात. चेतनानं दंडाला धरलं तर त्यांनी हात सोडवून घेतला आणि काठीनं आतल्या ढिगाकडे दाखवलं. दुकानदार म्हणाला की तिथं फक्त ड्रम आहेत. लहानूंनी पुन्हा काठी दाखवली. ढीग उकरावा लागला. तळाशी एक गंजलेला ड्रम होता आणि त्याच्या पाठीतून दांडा बाहेर आलेला होता. कुणी तरी तो सोडवायचा प्रयत्न करून कंटाळून तसाच टाकून दिला असावा.

चेतनानं तुटलेले तुकडे पिशवीतून काढून लांबी ताडली, दाते मोजले. जमत होतं. गंज पुसून तिनं पायरीचा कोपरा दाखवला. गोलाई शाबूत होती. लहानूंनी अंगठा फिरवला, दांड्यावर हात ठेवला आणि तो तसाच ठेवून बसले.

शांताबाई म्हणाल्या, "एवढा जड? पयले तरी सुटे भाग आणाचे." पण त्यांनी दुकानदाराशी भाव केला तो तासभर, आणि संध्याकाळच्या आत टॅक्सी करून संगमरवराची ती इमारतही बाहेरून पाहून घेतली. लहानू टॅक्सीतून उतरले नाहीत. ड्रम त्यांच्या पायाशी होता.

रायपूरला आल्यावर ड्रम निघेना. चेतनानं पुलर, म्हणजे ड्रम ओढून काढायचा शिकंजा, लावला, स्क्रू जितका आवळता येईल तितका आवळला, हातोडी मारली, तेल सोडलं. तापवायचं तिनं ठरवलं आणि गॅसची नळी उचलली तशी लहानूंनी ती डाव्या हातानं बाजूला सारली. मग त्यांनी पुलरकडे बोट केलं आणि डोळे मिटून मान खांद्यावर टाकली, झोपल्यासारखी. तिला समजलं. पुलर आवळलेला तसाच ठेवून ती घरी गेली. दुसऱ्या दिवशी ती एक बुश कापत असताना मागं बंदुकीसारखा आवाज झाला आणि ड्रम सुटून खाली पडला. गल्लीतले लोक धावत आले. लहानू खुर्चीत बसून आवाज न करता हसत होते, खांदे हलत होते.

दांडा बसवायला चेतना शंकर नगरात गेली. काम संपल्यावर पुष्कर स्टिअरिंगवर बसले आणि किल्ली फिरवायच्या आधी त्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती दार उघडून शेजारी बसली. दोघं न बोलता कॉलनीला चक्कर मारून आले. मग तिनं चाक काढून सगळं पुन्हा तपासलं, आणि पुढच्या रविवारी पुन्हा येऊन तपासलं. इंदूताई व्हरांड्यातून बघत होत्या. बोलल्याप्रमाणे त्या त्या गाडीत पुन्हा बसल्या नाहीत. मात्र चेतना आली की तिला जेवल्याशिवाय जाऊ देत नसत.

लहानू त्यानंतर दोन उन्हाळे जगले. दुसऱ्या उन्हाळ्यात पुन्हा झटका आला आणि त्यातून ते उठले नाहीत. त्यांच्या मैतीला रेल्वेचे लोक होते, गल्ली होती, आणि पुष्कर त्यांची प्लिमथ घेऊन आले होते. ती गल्लीत शिरणार नव्हती, म्हणून तलावाच्या कडेला उभी केली होती. कुणी तरी तिच्यातून नेऊ या म्हणालं. यशदीप नको म्हणाला. लोकांनी त्यांना खांद्यावरून नेलं.

वर्कशॉप बंद होईल असं सगळ्यांना वाटलं होतं. झालं नाही. आता चेतना सकाळी आयटीआयमध्ये टर्नरच्या वर्गाला शिकवते आणि दुपारनंतर गल्लीत असते. भाग शोधण्याचं काम शांताबाईंनी आपण होऊन हातात घेतलं. इतकी वर्षं बाजारांतून पाय दुखवत फिरल्यामुळे त्यांना दुकानंही माहीत होती आणि दुकानदारांच्या खोडीही. चष्मा लावून त्या व्हिडिओ कॉल करतात आणि समोरच्याला भाग हातात धरून चारी बाजूंनी फिरवायला लावतात. "भैया, इसका पेंट निकालो पयले," असं त्यांचं पहिलं वाक्य असतं.

परवा कवर्ध्याकडून एक गृहस्थ आले. त्यांच्याकडे ब्यूक आहे आणि तिच्या स्टिअरिंगचा एक सांधा गेला आहे. त्यांना घाई होती. मुलाचं लग्न होतं.

"आप तो सब बना लेती हैं, सुना है," ते म्हणाले.

"स्टिअरिंग, ब्रेक आणि अ‍ॅक्सल नाही बनवत," चेतना म्हणाली. "ते शोधू. मिळेल तवा मिळेल."

"और शादी?"

"लग्नाले दुसरी गाडी करा."

ते चिडून निघून गेले. गल्लीच्या तोंडापर्यंत गेले आणि परत आले, सांधा शांताबाईंच्या समोर ठेवला. शांताबाईंनी तो उलटापालटा करून पाहिला, फोटो काढला आणि कलकत्त्याला फोन लावला. पलीकडून कुणी उचलेना. चेतनानं तोवर खराद सुरू केली होती. कुठल्याशा डॉजच्या काचेची पिन करायची होती.